झाकणाची आतली बाजू

नागनाथ : ठिवा ते खाली, अण्णासाहेब. आन् आवाज बारीक करा. माझ्यासंगं आलेल्या बाई ओसरीवर बसल्यात. सकाळच्या गाडीनं गावाकडून घेऊन आलोय त्यांना.

अण्णासाहेब : आमची अनसूया देतेय त्यांना चहा. तुम्ही आधी बघा तर खरं. पुण्याच्या भंगारातून आणलंत तेव्हा हे झाकण कसं होतं, आणि आता? पिवळसर हिरवा. लिबरेटर विमान कारखान्यातून निघालं तेव्हा त्याच्या पोटात हाच रंग होता. तीन छटा कालवून टाकून दिल्या, चौथी जमली.

नागनाथ : आतली बाजू घासली तुमी.

अण्णासाहेब : काचपेपरनं. घासल्याशिवाय रंग धरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला.

नागनाथ : तिथं नाव होतं.

अण्णासाहेब : होतं. वाचलं मी. ‘सुला’. खाली चुडावा, आणि सत्तावन्न साल. एवढं मोठं बाँबफेकी विमान, आणि त्याच्या अंगावर कुण्या खेडवळ बाईचं नाव खरडलेलं. देवळाच्या भिंतीवर टवाळ पोरं खरडतात ना, तसं. खरं सांगू, घाण वाटली मला.

नागनाथ : घाण.

अण्णासाहेब : शोभतं का ते? चार इंजिनं, एकेकात चौदा सिलिंडर, सगळी मिळून अठरा हजारांच्या वर बांधली गेली—

नागनाथ : मला नका सांगू. चौदाच्या चौदा धुतलेत मी. पोटाची दारं दुकानाच्या शटरवानी वर गुंडाळायची, त्याच्या खाचंत बोटं घालून वंगण भरलंय. तुमच्या वहीत ती अमेरिकन विमानं चिटकवलीत ना, नाकाडावर उघड्या बाया रंगवलेली? त्या पानाला नाव काय दिलंय तुमी?

अण्णासाहेब : ‘वैमानिकांची लोककला’. पण ते वेगळं.

नागनाथ : काय वेगळं? त्या उघड्या बाया कला, आन् आमची लुगड्यातली बाई घाण?

अण्णासाहेब : तो इतिहास आहे, नागनाथराव.

नागनाथ : मग इतिहासच ऐका. गोरे ही विमानं कानपूरला टाकून गेले तवा धड होती का? आपल्या कामी येऊ नयेत मनून इंजिनात वाळू ओतली. काटे-घड्याळं घणानं फोडली. ट्रका घालून पोटं चेपली. त्या मढ्यातून आपल्या मान्सांनी चाळीसच्या वर उभी केली, अडुसष्टपर्यंत उडवली. तुमच्या कपाटातल्या पुस्तकात त्यातल्या एका तरी फिटरचं नाव हाय का?

अण्णासाहेब : फिटरांची नाहीत. वैमानिकांची आहेत.

नागनाथ : सिताराम फिटर माझ्या बाजूच्या खाटेवर झोपायचा. आमी सुधरायचं, साहेबांनी उडायचं. एकदा त्याची रजा नामंजूर झाली. संध्याकाळी पोलादी सुई घेतली आन् ह्या झाकणाच्या आतून बायकोचं नाव कोरलं. मनला, मी काय, भुईवरच राहणार. निदान सुला तरी ढगातून जाऊन येईल. तसा कागद धाडला घरी. वाचून दाखवणाऱ्यानं गावभर केलं. पाणवठ्यावर बाया हसायच्या, आली बगा इमानातली बाई. कसलं निलाजरं नाव काढलं मनायच्या. पुढं पुढं सितारामच लाजायचा, थट्टा केली होती मनायचा. तीन वर्सं झाली त्याला जाऊन. विमानं भंगारात निघाली तवापासून मी हे झाकण हुडकत होतो. ओसरीवर बसल्यात त्याच सुलाबाई. त्यांना एवढंच बघायचं होतं, की नवरा खोटं बोलला नव्हता.

अण्णासाहेब : हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.

नागनाथ : आतल्या बाजूला हात लावू नका, एवढं बजावलं होतं. त्यांनी बघायच्या आदी दुसऱ्याला काय सांगू? माझ्या घरी ठिवलं असतं तर ज्वारीच्या कणगीवर गेलं असतं. तुमाला शौक हाय, कदर असंल, मनून तुमच्या हवाली केलं.

अण्णासाहेब : एक करता येईल. मजकूर मला पाठ आहे. जागाही ठाऊक आहे. सुई आहे माझ्याकडे, पाच मिनिटांचं काम. त्यांना वाचता तर येत नसेल ना?

नागनाथ : तोंडात थुंकी आली बगा माझ्या. तुमी तर गोऱ्यांच्या फुडं गेलात. त्यांनी मोडलं, पर मोडून वर खोटं बसवलं न्हाई.

(सुलाबाई दारात येऊन उभ्या राहतात. हातात रिकामी कपबशी.)

सुलाबाई : कवाचं बोलायलाव तुमी दोगं. नागनाथभाऊ, हेच का ते?

नागनाथ : हेच, वयनी. अण्णासाहेब, आता तुमीच सांगा.

अण्णासाहेब : बाई, नाव होतं. माझ्या डोळ्यांनी वाचलंय. सुला, चुडावा, सत्तावन्न. मी ते घासून काढलं. मला... अनुचित वाटलं.

सुलाबाई : मंजी?

नागनाथ : घाण वाटली त्यांना.

सुलाबाई : गावच्या बायाबी तसंच मनायच्या. तुमी तर शिकलेले.

अण्णासाहेब : चुकलं माझं.

सुलाबाई : ते ऱ्हाऊ द्या. कुटं होतं?

अण्णासाहेब : इथं. ह्या दोन रिवेटांच्या मधे.

सुलाबाई : हात लावू का?

अण्णासाहेब : लावा ना.

सुलाबाई : काईच लागंना हाताला. उखळाच्या बुडावानी गुळगुळीत केलंय. किती येळ लागला तुमाला?

अण्णासाहेब : दोन दिवस.

सुलाबाई : एवढ्या दोन अक्षराला?

अण्णासाहेब : पहिल्या दिवशी जाईचना. बोटं सोलली माझी. दुसऱ्या दिवशी कानस लावली, तेव्हा कुठं गेलं.

नागनाथ : चला वयनी. ह्या घरात पाणीबी नको आता.

सुलाबाई : थांबा भाऊ. दोन दिवस लागले मनतेत ते. मंजी लय खोल कोरलं होतं ह्यांनी.