साहेबांची नजर

सकाळी बरोबर सव्वासातला सुरू झालं हे. कापसाच्या जिनातले नवे साहेब आमच्या शेजारच्या पडीत वावरात गोल्फ खेळत होते, म्हणजे काठीनं चेंडू मारून दूरच्या खड्ड्यात घालायचा. चेंडू आला आमच्या अंगणात, बाळाच्या झोक्याखाली. साहेब टक लावून उभे.

"काय पाहून राह्यले, साहेब?"

"नजर लागली पाहिजे, बाई. त्याबिगर जमत नाही."

नजर? माझ्या बाळाला! त्याला कडेवर घेतलं, मीठ-मिरच्या उतरवून अंगणातल्या चुलीत टाकल्या. साहेबांना असा ठसका लागला, की डोळे मिटूनच त्यांनी काठी हाणली. चेंडू थेट खड्ड्यात!

नजर असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात; लागला म्हणजे बाळाला नजर नव्हतीच. मी सुटले, पण साहेब रोज दारात. "बाई, थोडा धूर करता का?"

गोल्फवाला कोणी भेटला तर सांगून द्या बायांनो, मिरच्या ज्याच्या त्यानं घरून आणाव्या.