यादीतला चाळीसावा क्रमांक

पुरवणी जबाब
जळगाव, दिनांक २३ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे

मी, हितेंद्र रुपचंद बागुल, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (सहवैमानिक), राहणार महाबळ परिसर, जळगाव, मूळ राहणार सोनगीर, तालुका जिल्हा धुळे, पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगतो की, काल सायंकाळी मी याच ठाण्यात जबाब दिला आहे. त्या जबाबात खोटे आहे. ते दुरुस्त करण्यासाठी आलो आहे. मला कोणी आणलेले नाही. उपनिरीक्षक शीतल निकुंभ मॅडम यांनी, तुम्ही सांगाल ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकते, हे दोनदा समजावून सांगितले. मला एकदाच सांगितले तरी समजते, असे मी म्हणालो. ते उद्धट वाटले असल्यास माफी असावी. मी काल दुपारपासून काही खाल्लेले नाही.

मी नभोदय एअरवेज या विमान कंपनीत दिनांक १९ ऑगस्ट २०१६ पासून नोकरीस आहे. चालू वर्षी १ एप्रिलला आमच्या कंपनीत तापीतीर एअर ही लहान कंपनी विलीन झाली. दोन्हीकडचे मिळून १३८ वैमानिक झाले. दोन याद्यांची एक ज्येष्ठता यादी करायची होती. आमच्या धंद्यात हा क्रमांक म्हणजे सर्व काही असते. कॅप्टन कोण होणार, कोणत्या गावी राहणार, दिवाळीला घरी कोण असणार, हे क्रमांकावर ठरते. नव्या यादीतल्या पहिल्या ४२ जणांना कॅप्टनची जागा मिळणार होती आणि शेवटच्या बारा जणांना घरी पाठवणार होते. त्यामुळे एप्रिलपासून प्रत्येकाचा आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे असे चालले होते. मीही त्यातलाच. म्हण लिहू का, असे हवालदारांनी विचारले. लिहा म्हणालो.

यादीसाठी तिघांची समिती नेमली. अध्यक्ष कॅप्टन चारुलता राणे. नभोदयकडून मी. तापीतीरकडून आकिब चांद पिंजारी, वय ३७, राहणार मेहरूण, जळगाव, मूळचा बोदवडचा. बोदवडला त्याच्या वडिलांचे गाद्या भरण्याचे दुकान आहे. आकिबला मी २०१० पासून ओळखतो. धुळ्याला विमान चालवण्याचे शिक्षण आम्ही एकत्र घेतले. देवपुरात एका खोलीत दोन वर्षे राहिलो. सुट्टीला तो सोनगीरला आमच्या घरी येत असे. माझ्या आईच्या हातचे कळण्याच्या भाकरीचे तुकडे तो माझ्या ताटातून उचलून खात असे.

वाद कशाचा होता ते सांगतो. रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे यादी करायची, हे सर्वांना मान्य होते. परंतु २०२० साली विमाने बंद झाली तेव्हा नभोदयने आम्हाला बिनपगारी घरी बसवले. नोकरी तुटली नाही. तापीतीरने नऊ जणांना कामावरून कमी केले आणि ११ ऑक्टोबर २०२१ रोजी परत घेतले. आकिब त्या नवांपैकी एक. तो मूळचा ३ मार्च २०१४ चा, म्हणजे माझ्याआधीचा. मधल्या काळात तो बोदवडला वडिलांबरोबर गाद्या भरत होता. त्याचे म्हणणे असे की, परत घेताना जुनी तारीख कायम राहील असे कंपनीने कमी करतेवेळीच पत्र दिले होते. त्याच्याकडे त्या पत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो होता. तो पुसट होता. फोटो चालणार नाही, कार्यालयातील सहीचे पत्र पाहिजे, ही हरकत सप्टेंबरच्या बैठकीत मीच घेतली होती.

पत्र नसेल तर माझा क्रमांक चाळीसावा आणि आकिबचा एकशे एकोणतिसावा. पत्र असेल तर नवांपैकी सात जण माझ्यावर जातात आणि मी सत्तेचाळीसावा. आकिब घरी जाण्याच्या बारा जणांतून निघून कॅप्टनच्या जागेवर येतो. त्याच्याऐवजी दुसरे कोणीतरी घरी जाईल, हेही खरे आहे. कोणत्याही यादीत कोणीतरी शेवटी असतोच. एवढे सर्व मला कागद पाहण्याआधीपासून तोंडपाठ होते.

काल शनिवारी सकाळी १० वाजता अजिंठा रोडवरील एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये शेवटची तपासणी होती. पद्धत अशी ठरली होती की, ज्याने त्याने आपल्या कंपनीच्या फाईलला हात लावायचा नाही. आमची निळी फाईल आकिबपुढे, त्यांची हिरवी फाईल माझ्यापुढे. कॅप्टन राणे मॅडम नाव आणि तारीख वाचणार, समोरच्याने फाईलमधला कागद पाहून "बरोबर" म्हणायचे. विमानात आम्ही हेच करतो. एक जण यादी वाचतो, दुसरा ते बटण, तो काटा पाहून उत्तर देतो. न पाहता उत्तर देणे हा आमच्याकडे मोठा गुन्हा आहे. धुळ्याला शिकताना मी घाईने उत्तर द्यायचो तेव्हा आकिब माझ्या हातावर पट्टी मारायचा आणि म्हणायचा, "हितू, आधी हात लाव, मग बोल." ही सवय मला त्याने लावली आहे.

आकिबने आमची सर्व नावे पाने उलटून तपासली. त्याला दोन तास लागले. माझ्या नावाला त्याने पानावर बोट ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि "बरोबर" म्हणाला. नंतर तापीतीरची नावे सुरू झाली. पंधरा-सोळा नावे मी पाहून तपासली. ते नऊ जण आले तेव्हा मी पाने उलटली नाहीत. मॅडम ११ ऑक्टोबर २०२१ अशी तारीख वाचत होत्या आणि मी बरोबर, बरोबर म्हणत होतो. "पिंजारी आकिब चांद" यालाही बरोबर म्हणालो. आकिब म्हणाला, "हितू, मागं बघ ना. कमी केल्याची कागदं मागं लावलेली असतात." मी म्हणालो, "असे पत्र यात नाही." मी पाहिले नव्हते. तो उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "तू पान उलटलंच नाही! मी इथून बघतोय." राणे मॅडमनी, "जेवणानंतर मी स्वतः फाईल पाहीन", असे सांगून आवरते घेतले. तेव्हा दुपारचे १ वाजून १० मिनिटे झाली होती.

कालच्या जबाबात मी सांगितले की, १ वाजून ४० मिनिटांनी आकिब हिरवी फाईल हातात घेऊन टेबलापाशी उभा असलेला मी पाहिला. हे खोटे आहे. मी त्याला १ वाजून २० मिनिटांनी पाहिले. तो टेबलापाशी उभा होता. फाईल बंद होती. त्याचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरलेले होते. हॉलमध्ये दुसरे कोणी नव्हते. तो फाईलला हात लावू शकला असता. त्याने लावला नाही. मला पाहून म्हणाला, "तूच बघून सांग. तू सांगशील ते मी मानतो." आणि जेवायला निघून गेला.

त्यानंतर मी फाईल उघडली. पान क्रमांक ६३ वर पत्र होते. तापीतीरच्या तेव्हाच्या व्यवस्थापकाची सही, शिक्का, खाली नऊ नावे. आकिबचे नाव दुसरे. मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचले. मला आकिबचा राग आला, हे मी स्पष्ट सांगतो. खोटे बोलणाऱ्याचा जसा राग यावा तसा खरे बोलणाऱ्याचा आला. नऊ वर्षे उजव्या सीटवर बसून मी डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटची वाट पाहिली होती. १ वाजून ४५ मिनिटांनी मी फाईल जॅकेटखाली घेऊन मागच्या दाराने गेलो आणि माझ्या गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली ठेवली. त्या दाराला कॅमेरा नाही. मग येऊन दाल-बाटी वाढून घेतली. खाल्ली नाही.

२ वाजून ३० मिनिटांनी फाईल नाही असे लक्षात आले. आकिबने २०२१ मध्ये नव्याने रुजू होताना सही केलेला अर्जही त्याच फाईलमध्ये होता. त्यामुळे आपली सही गायब करण्यासाठी फाईल त्यानेच लांबवली असेल, असा सर्वांचा समज झाला. भांडणही त्यानेच केले होते. त्याची बॅग सर्वांसमोर टेबलावर उलटी केली. त्यात लॉगबुक, डबा, टॉवेल आणि त्याच्या मुलीचा, माहेनूरचा, रंगाच्या खडूंचा डबा निघाला. खडू खाली सांडले. ते गोळा करायला कोणी वाकले नाही. मीही नाही. राणे मॅडमनी पोलिसांना फोन केला. यात त्यांची चूक नाही. त्यांना जे दिसले त्यावरून त्यांनी केले.

ठाण्यात मला विचारले तेव्हा वरील खोटे सांगितले. आकिब समोरच्या बाकावर बसला होता. माझे वाक्य ऐकून त्याने फक्त आपले दोन्ही हात पाहिले. आज ११ वाजता त्याला पुन्हा बोलावले आहे आणि त्यानंतर गुन्हा दाखल होणार, हे मला माहीत आहे. गुन्हा दाखल झाला की विमानतळावर जाण्याचा पास थांबतो. पास नसेल तर वैमानिक विमानापर्यंत पोहोचत नाही. मग यादीत तो पहिला असला काय आणि शेवटचा असला काय.

घरी गेल्यावर मी चार वेळा खाली जाऊन डिकी उघडून पाहिली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. आज सकाळी ७ वाजता वडिलांना सोनगीरला फोन केला. वडील एस.टी.मध्ये चालक होते, आता निवृत्त आहेत. त्यांना सर्व सांगितले. मला वाटले होते ते आधी माझ्या नोकरीचे विचारतील. त्यांनी विचारले, "तू कागद दखेल व्हता का नही, तेवढंच सांग." मी म्हणालो, आधी नव्हता पाहिला, मग पाहिला. ते म्हणाले, "मंग न दखता बरोबर शे आसं कसं काय सांगं तू? आम्हना डेपोमा बी यादी लागे. नंबर मांगे पडना ते वाईट वाटस. पन गाडी चालसच. जाय, ठाण्यामा जाय." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. नंतर लावला तो त्यांनी उचलला नाही.

सदर हिरवी फाईल मी आज दोन पंचांसमक्ष हजर केली आहे. पाने १ ते ९४ मोजून पूर्ण आहेत. पान क्रमांक ६३ मी स्वतः उघडून मॅडमना दाखविले. आकिब चांद पिंजारी याने फाईलला कधीही हात लावला नाही. फाईल मी घेतली, मी लपवली आणि त्याचे नाव मी घेतले. समितीत मी बरोबर म्हटलेल्या नऊ तारखा चूक आहेत. तसे वेगळे पत्र मी कॅप्टन राणे मॅडमना लिहून त्याची प्रत येथे जोडली आहे. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. माझा पास माझ्याजवळ होता, तो मी टेबलावर ठेवला आहे. तो जमा करण्याचे अजून कारण नाही असे मॅडम म्हणाल्या. तरी मी तो परत उचललेला नाही.

हा जबाब हवालदार पुना पावरा यांनी संगणकावर लिहून घेतला व छापून मला वाचून दाखविण्यास सुरुवात केली. दुसऱ्या पानावर असताना, १० वाजून ५० मिनिटांनी, आकिब त्याच्या वडिलांसह ठाण्यात आला व बाकावर बसला. हवालदारांनी थांबू का असे विचारले. मी वाचा म्हणालो. ते पुढे सर्व मोठ्याने वाचत राहिले. त्याचे वडील चांदचाचा मान खाली घालून ऐकत होते. वाचून संपल्यावर मी सहीसाठी पेन घेतले. तेव्हा आकिब प्रथमच बोलला. माझ्याशी नाही, हवालदारांशी. तो म्हणाला, "साहेब, यांनी कागद बघितला का? नुसतं ऐकून बरोबर म्हणायची यांना सवय आहे." पंधरा वर्षांत त्याने मला हितू सोडून दुसरे काही म्हटलेले नाही.

त्यामुळे मी पेन खाली ठेवले व हवालदारांना हेही शेवटी जोडून सर्व पाने पुन्हा वाचण्याची विनंती केली. त्यांनी ती वाचली. या वेळी मी प्रत्येक ओळीला बोट लावले, पाहिले आणि मग बरोबर म्हणालो. वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. बरोबर आहे.

जबाब देणार,
(सही) हितेंद्र रुपचंद बागुल