झिंग्याचं नाव

नव्या जीवाला नाव शोधणंच कठीण असतं, बरं का. कोकणच्या किनाऱ्यावर आम्हा संशोधकांना चिखलात बीळ खोदून राहणारा, काचेसारखा आरपार दिसणारा भूत-झिंगा सापडला. जात नवीन होती, नाव आम्हीच द्यायचं होतं. सुट्टीत चोरखमाऱ्याला, आमच्या गावी, घरी आलो तेव्हा बाबांना म्हटलं, "याले तुमचं नाव देऊन राहिलो."

बाबांनी फोटो पाहिला. "हा करते काय?"

"जन्मभर चिखल उपसते. त्याच्यानं खाली हवा जाते, बाकीचे जीव जगतेत."

"मंग माह्यं नाव कायले? गावच्या तलावाचा गाळ तं तुया मायनं उपसला."

आई भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "हे नाव मंग कोणी बदलवते का?"

"नाही."

"तं माहेरचं दे. लग्नात बदलवलं, तवापासून कोणी घेतलंच नाही."

आईचं नाव कौतिका होतं, हे मला तेव्हा कळलं.