दोघांचं जमतं हो!

...नाही पण मला सांगा, घरात खोल्या दोन, आणि त्यात मी, बायको आणि मेहुणा! "चार दिवस राहतो दाजी," म्हणून आला, पोहायला शिकवतो तो, इथल्याच तलावावर नोकरी लागली आणि चिकटला की इथेच! माणूस लाख चांगला, तक्रार नाहीच माझी. मी आणि बायको असलो की खिडकी उघडी, पंखा बंद... झकास! मी आणि मेहुणा असलो की खिडकी बंद, पंखा मंद... झकास! ती दोघं बहीणभाऊ असली की खिडकीही उघडी, पंखाही भरधाव, कागद कुणाचे उडायचेत तिथे? झकास! आणि तिघं एकत्र आलो की? विचारू नका! दोघांचं जमतं हो, तिसरा आला की घोळ!

आणि गंमत म्हणजे माझा धंदाच हा! मी गणितवाला. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "तू करतोस काय नक्की?" म्हटलं, "काकू, हिल्बर्ट स्पेसमधली कम्यूटिंग कॉन्ट्रॅक्शन्स." तर म्हणतात, "म्हणजे अजून कायम नाही केलं वाटतं!"

बरोबरच होतं म्हणा त्यांचं, कंत्राटावरच होतो मी. पण तुम्ही घाबरू नका, सोपं आहे. एक यंत्र धरा, आत बाण घातला की बाहेर बाण येतो, पण कधी लांबून येत नाही, आहे तेवढा नाहीतर तोकडा. अशी दोन यंत्रं घ्या, आधी हे चालवा मग ते, नाहीतर आधी ते मग हे, उत्तर एकच. म्हणजे पटतं त्यांचं! आता ही बाण तोकडे करणारी जोडी एका मोठ्या जागेत नेऊन अशी मांडता येते की तिथे बाण तसूभरही तोकडा होत नाही, आणि दोघांचं पटणंही शाबूत. म्हणजे काय? मोठं घर घ्या, सुखी व्हा! पण तीन यंत्रं घेतलीत, प्रत्येकाचं प्रत्येकाशी पटतंय, तरी तिघांना सामावणारं मोठं घर मिळेलच याची हमी नाही. कितीही मोठं बांधा! दोघांचं जमतं हो, तिसरा आला की घोळ!

तर मी म्हटलं, मी एक अट घालतो, आणि ती पाळणाऱ्या तिघांचं जमवून दाखवतो. याच निकालावर कायमच्या नोकरीचं व्याख्यान होतं माझं. नोकरी लागली तर मोठं घर, नाही लागली तर कंत्राट संपलंच. सकाळी बायको म्हणाली, "जा, घाबरू नकोस." मेहुणा म्हणाला, "दाजी, श्वास धरायचा आणि मारायची उडी!" हा काय तलाव आहे का रे?

समोर निवड समिती. अध्यक्ष बाई हसतमुख, आणि पहिल्या रांगेत डुलकीसर. हे नाव आम्हीच ठेवलंय. हा गृहस्थ व्याख्यान सुरू होताच झोपतो, आणि नेमक्या वेळी एक डोळा उघडून माणसाला झोपवतो! मी रंगात आलो, खडू नुसता धावतोय, तिसऱ्याला पहिल्याच्या मोठ्या घरात नेऊन बसवलं, आणि आम्ही गणितवाले जे नेहमी करतो तेच केलं... लिहिलं, "दुसऱ्यासाठीही तसंच." की डोळा उघडला!

"तसंच म्हणजे कसं?"

"म्हणजे... तसंच, सर."

"करून दाखवा ना."

गेलो करायला. आणि तुम्हाला सांगतो, तिसरा पहिल्याशी पटवला की दुसऱ्याशी फिसकटतो, दुसऱ्याशी पटवला की पहिला रुसतो! लहान घरात गुण्यागोविंदाने नांदणारी मंडळी, मोठ्या घरात एकमेकांची तोंडं बघेनात! मागे एकजण खोकला. वाटलं, 'हे तर उघडच आहे' म्हणून रेटून न्यावं, बाई मान डोलवतच होत्या... पण नाही रेटवलं हो. "तसंच" वर काट मारली आणि म्हटलं, "सर, हे चुकलंय. माझी अट पुरत नाही." आणि नोकरी तर गेलीच म्हणून मोकळ्या मनाने तिथेच तीन छोट्या मॅट्रिक्स मांडल्या, म्हणजे आकड्यांत लिहिलेली तीन यंत्रंच, माझी अट पाळणाऱ्या, आपापसात पटणाऱ्या, आणि तरी कुठल्याच मोठ्या घरात न मावणाऱ्या! माझाच निकाल मीच मोडला, आणि खरं सांगू? मजा आली!

डुलकीसरांचे दोन्ही डोळे उघडे! "'तसंच' लिहिणारे पुष्कळ पाहिले," म्हणाले, "खोडणारा पहिलाच." आणि बाईंकडे वळून, "घ्या याला."

घेतलं की हो! कायम!

उडतच घरी आलो. दोघांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. बायकोचे डोळे भरून आले, माझेही आले, लपवू कशाला? मग ती म्हणाली, "आता मोठं घर!" मेहुणा म्हणाला, "दाजी, बाल्कनीकडची खोली माझी हं!"

मी म्हटलं, "थांबा! अहो, आजच फळ्यावर दाखवून आलोय, तिघांसाठी घर कितीही मोठं घेतलं तरी..."

"एक मिनिट," बायको म्हणाली. "तिघांचं तुझं गणित आज चुकलं ना?"

"चुकलं, पण ते..."

"सगळ्यांसमोर कबूलही केलंस ना?"

"केलं, पण त्याचा अर्थ..."

"मग राहू दे तू. घराचं आम्ही दोघं बघतो."

आणि बसली की दोघं बहीणभाऊ नकाशे पसरून, खिडकी उघडी, पंखा भरधाव, माझे कागद घरभर... दोघांचं जमतं हो!