भरून आलेला डबा

हॅलो? … हॅलो, राजेश्वरी? … उचललास एकदाचा! डबा मिळाला. आत्ताच घेतला नगरच्या गाडीच्या कंडक्टरकडनं, हितं तिसगावच्या स्टँडवरच उभी हाय… हो, हो… अगं ऐक ना आदी. रिकाम्या डब्यात लाडू कसले?

कुनी? काकूनं? … तुज्या रूमच्या मालकिनीनं? … म्हाईत हाय, भांडं रिकामं धाडू नये. मला नको शिकवू. … न्हाई, चिडले न्हाई. चांगलेच असतील. तूप तर लई दिसतंय. आमच्या लाडवात कुटलं एवढं!

काय? … तुज्यासाठीच केले हुते? का बरं? … जेवत नव्हतीस? … राजेश्वरी! मी रोज एसटीनं भाकरी धाडते, अन् तू जेवत न्हाईस हे तिला म्हाईत, मला न्हाई?

… नापास? … एकाच विषयात? … गनितात. … कवा लागला निकाल? … सोमवारी. अन् काकूला सोमवारीच कळलं असंन. … वाटलंच मला.

व्हय, जळतीय मी! जळू नको तर काय करू? आई मी हाय का ती? … बरं, बरं. काय म्हनली ती तुला? … काहीच न्हाई? … नुसती जवळ बसली? … अभ्यास का केला न्हाई, ते बी इचारलं न्हाई?

मला न्हाई बाई जमत तसं. तोंड उघडलं की… हो. … हो, आत्ता बी मीच बोलतीय. … बरं, गप बसते. तू बोल. … खरंच. बोल.

हं. … हं. … सगळं इंग्रजीत, व्हय. … हं. … मागच्या बाकावर, एकटीच? … हं.

कुटं? नगरच्या स्टँडवर? पिशवी घेऊन? … घरी यायला पाथर्डीच्या गाडीत बसली हुतीस? … मग उतरलीस का गं?

मी काय म्हनंन म्हनून?

…

हाय. हाय मी. फोन चालू हाय. … रडतीय की. बघू दे लोकांना.

ऐक. परत तसं वाटलं तर गाडीतनं उतरू नको. सरळ घरी ये. काय इचारनार न्हाई मी. … इचारलं, तर गप बस म्हन मला. … व्हय, तोंडावर म्हन.

अन् हे तुजं नगरच्या स्टँडवरचं… काकूला सांगितलंस? … न्हाई? … कुनालाच न्हाई?

… बरं.

मग नगं सांगू तिला. ठेवते.