आवाज नाही अशी तक्रार

– नाही, तिथे नका बसू, ती यांची खुर्ची. इकडे स्टुलावर टेका. आणि इतक्यात सुरू नका करू. बंदरानं तुम्हाला पाठवलंय, तोंडानं जहाजाचा आवाज काढायला पाठवलंय, सगळं कळलं मला – पण कुठल्या जहाजाचा ते नको का ठरवायला? उगाच घूं घूं केलं की झालं, असं नसतं. आणि जरा हळू बोला. तुम्ही कुठे बोलताय म्हणा, मीच बोलतेय – मग मीच हळू बोलते. त्या पडद्यामागे आमचे हे आहेत. जागे आहेत. अलीकडे सगळं ऐकू येतं यांना, तीच तर पंचाईत आहे.

बंदराला मी नावं नाही ठेवणार हं. लग्न होऊन आले तेव्हापासून हीच खोली आणि भिंतीपलीकडे धक्का. जहाजं रात्रंदिवस इंजिन चालू ठेवून उभी. पांढरी चादर वाळत घालावी आणि काळी काढून आणावी. भरतीला पाणी थेट पलंगाखाली यायचं, पाहुण्यासारखं, चपला इकडच्या तिकडे करून जायचं. मग बंदराला सुबुद्धी झाली. म्हणाले, समुद्र चढतोय, आपण शेजारी, शेजाऱ्यासारखं वागायला हवं. भिंत उंच केली, गल्लीत पंप बसवले, जहाजांना धक्क्यावरून वीज दिली – मांडीएवढी जाड वायर हो! आपण मोबाईल लावतो ना चार्जिंगला, तसं अख्खं जहाज लावतात आणि इंजिन बंद. चांगलं झालं की नाही? झालंच. घर बुडायचं थांबलं – आणि संसार बुडाला.

हसताय काय? ऐका तर. इतकी वर्षं त्या घरघरीत मी पुटपुटायचे. कांदा चिरताना, भांडी घासताना, तोंड आपलं चालूच. ऐकणार कोण? हातभर अंतरावर माणूस उभा असला तरी ऐकू यायचं नाही. तोंडावर ‘अहो’, पाठ वळली की ‘अरे’. अरे मठ्ठा, अरे ढिम्म्या, डोंगराएवढे खोके उचलतोस क्रेननं आणि घरात चमचा उचलवत नाही तुला – असं. तुझ्यापेक्षा त्या पाण्यात तरंगणाऱ्या बोयाशी संसार केला असता, तो निदान लाटेला हलतो तरी. सवय हो, दुसरं काय? आणि एके दिवशी सकाळी त्या मेल्यांनी, कुणाला न सांगता न सवरता, इंजिनं बंद केली. मी बोयापर्यंत पोचले होते. मागे बघते तर हे उभे. हातात चमचा. त्या दिवशी नेमका उचलला होता.

भांडले असते तर परवडलं असतं. ओरडले नाहीत, काही नाही. तेव्हापासून मला ‘आपण’ म्हणतात! ‘आपण मीठ द्याल का?’ ‘आपली झोप झाली का?’ बायकोला आपण! परक्या माणसासारखं. जेवताना समोर बसतात आणि मला वाटतं, कुणीतरी साहेबीण जेवतेय या घरात, मी नाही. असं किती दिवस राहायचं माणसानं?

म्हणून गेले बंदराच्या शेजारी-सभेला. तिथली बाई विचारते, त्रास कशाचा? म्हटलं, आवाजाचा. झालं! दुसऱ्या दिवसापासून साखळ्यांना रबर, क्रेनच्या चाकांना रबर, खलाशी कुजबुजायला लागले. पुन्हा गेले. म्हटलं, बाई गं, तसं नाही, आमच्या वस्तीत आवाज नाही. तिच्या डोळ्यांत पाणी! म्हणाली, आजवर तुम्हाला आवाजच नव्हता, आता आम्ही देऊ – आणि मला समितीवर घेतलं. हार घातला. मी आता भिंतीच्या रंगाबद्दल मत देते. तिसऱ्यांदा मात्र मी स्वतःच तिच्यासमोर घूंऽऽ करून दाखवलं, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पण इंजिन चालू करता येत नाही, धूर होतो. भोंगा लावला तर फुकट वीज जळते. म्हणून तुम्ही. बिनधुराचा आवाज.

आता एक सांगू? शिव्यांचं मला एवढं काही नाही. त्या ऐकल्या त्यांनी, ऐकू देत, खऱ्याच होत्या. पण मी काय फक्त शिव्याच द्यायचे? वारा सुटला की खिडकीतून यांच्या क्रेनची केबिन हलताना दिसायची, आणि मी इथे उभी – अरे, खाली ये रे, खड्ड्यात जाऊ दे तो माल, तू ये. रोज म्हणायचे. खाली येऊन दाराशी उभे राहिले की मग – अहो, उशीर केलात. ‘ये रे’ कधी ऐकू गेलं नाही, गेला तो बोया. नेमका बोया! म्हणून मला तो आवाज हवाय. लाजेनं तोंड उघडत नाही हो माझं या शांततेत, बाई एवढी बडबडी आणि घरात मुकी झालेय...

तुम्ही सुरू केलंत? थांबा म्हटलं होतं ना. नाही? तुमचं तोंड तर मिटलेलं आहे. मग हे –

पडद्यामागून येतंय.

घूंऽऽ... ही कोळशाची जुनी बोट. ती मध्येच खोकायची – ऐकलंत? खोकले! हुबेहूब. मेला सगळं ऐकत होता.

भाऊ, उठा तुम्ही. नाही, आज नको, उद्याही नको, बंदराला सांगा शेजारीण खूश आहे. आणि जाताना दार ओढून घ्या, घट्ट.

– अरे, जरा मोठ्यानं कर की. मला अजून पुष्कळ बोलायचंय.