मैदानावरील सात मिनिटांबाबत

नाव मारोतराव नत्थूजी निनावे, वय ५४ वर्षे, धंदा स्टील व पितळी भांड्यांचे ठोक दुकान, राहणार इतवारी, नागपूर. मयत मोहित याचा बाप. आज सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

माझे साळे दुर्गेश यांनी काल ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. कामठीचा खेळाडू संघपाल भैय्याजी गजभिये याने माझ्या मुलाला मैदानावर पाडून त्याच्या छातीवर मारले व त्यात तो मेला, असा अर्ज आहे. सोबत मोबाईलमधील व्हिडिओ जोडला आहे. बाप म्हणून त्यावर माझे म्हणणे पाहिजे, असे मला साहेबांनी सांगितले. संघपाल कालपासून ठाण्यात बसवलेला आहे.

मोहित २२ वर्षांचा होता. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता व मंडळाकडून कबड्डी खेळत होता. चढाईचा खेळाडू होता. त्याला कोणताही आजार नव्हता. दवाखान्याचा कागद म्हणाल तर लहानपणी दिलेल्या लसींचा तेवढा घरी आहे.

मी पहिले सायकलवर डबे विकत होतो. ओरडून विकायची सवय, म्हणून मंडळाच्या सामन्यांत माइक माझ्याकडे असतो. मी बोललो की लोक हसतात. गर्दीत कोण काय म्हणून राहिला ते मला स्टेजवर बसून ऐकू येते. हे सर्वांना माहीत आहे.

काल रविवारी अंतिम सामना होता. चार वाजून बावन्न मिनिटांनी, खेळ संपायला तीन मिनिटे असताना, आमचे मंडळ दोन गुणांनी पुढे होते. मोहित चढाईला गेला. संघपाल बाजूने धावत आला व त्याचा खांदा मोहितच्या छातीवर बसला. ही धडक नियमात बसते. मी वीस वर्षे खेळ पाहतो, अशा धडका एका सामन्यात दहा होतात. धडकेसरशी मोहितचा दम तुटला. म्हणजे चढाईत जे सतत ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहावे लागते, ते त्याचे अर्ध्या शब्दात थांबले. तो त्यानंतर दोन पावले चालला व मग पडला. बाकीचे खेळाडू त्याच्या अंगावर नंतर पडले. हा क्रम मी डोळ्यांनी पाहिला व कानाने ऐकला आहे.

पंचांनी शिटी वाजवली. सगळे उठले, मोहित उठला नाही. पुढे असलेला संघ वेळ काढायला असा पडून राहतो. आमची पोरे हे करतात, मीच शिकवले आहे. म्हणून मी माइकवर बोललो, “ऊठ गा मोहित, पंच ओळखते तुले. आता का खाट टाकून देऊ काय?” लोक हसले. त्यांच्यातला एक जण खाली बसून टाळ्या वाजवून राहिला होता. यात अर्धे मिनिट गेले असेल, जास्तही असेल.

त्यानंतर मला दिसले की संघपाल गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी मोहितच्या छातीवर जोरजोराने दाबून राहिला आहे. मला वाटले मारून राहिला. दुर्गेशही तसेच ओरडले. मी स्टेजवरून उडी मारली. मी जवळ गेलो तेव्हा संघपाल आकडे मोजत होता. तो मला बोलला, “काका, दाबू द्या मले. याचं हार्ट बंद पडलं. कंपनीत शिकवलं हाय आमाले.”

हे मी स्पष्ट ऐकले. ऐकू आले नाही, असे मी म्हणणार नाही.

मी त्याच्या मानेला धरून त्याला मागे ओढले. दुर्गेश व आणखी चौघांनी त्याला मारले. दुर्गेश यांनी त्याच्या वस्तीवरून एक शब्द वापरला. तो मी लिहून देत नाही. मी त्यांना थांबवले नाही. संघपाल मार खातानाही दोन वेळा बोलला, “कोणी तरी दाबा गा.” कोणी दाबले नाही. आम्ही मोहितच्या तोंडावर पाणी मारले, तळपाय चोळले, त्याला बसवून पाहिले. बसवला की मान पडत होती. चार एकोणसाठला त्याला ऑटोत घातले. घड्याळ गुणलेखकाच्या टेबलावरचे आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले. त्यांनी सांगितले की चांगल्या माणसाचेही हृदय छातीवर नेमक्या क्षणी मार बसला तर बंद पडू शकते, त्यात मारणाऱ्याची ताकद लागत नाही. छाती दाबत राहणे हाच तेव्हा उपाय असतो. मी विचारले, तो दाबत राहिला असता तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारले. त्यांनी मुलाचे पूर्ण नाव विचारले व लिहून घेतले.

व्हिडिओ मला साहेबांनी दाखवला. तो एकवीस सेकंदांचा आहे. सुरुवातीलाच संघपाल छातीवर दाबताना दिसतो. त्याआधीचे त्यात काही नाही. शेवटी उजवीकडून पिवळ्या शर्टाची बाही येते व हात त्याची मान धरतो. तो हात माझा आहे. व्हिडिओ काल आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. माझी पत्नी प्रेमलता हिने तो पाहिला आहे. रात्री तिने पिवळा शर्ट धुवायला टाकला नाही, बाजूला ठेवला.

आज सकाळी ठाण्याच्या फाटकाशी संघपालची आई भीमाबाई उभी होती. तिने मला पाहून हात जोडले. मी आत आलो.

साहेबांनी विचारले, संघपालविरुद्ध तक्रार आहे काय? नाही. दुर्गेश यांच्या अर्जावर मी सही करणार नाही. माझ्या मुलाला वाचवायला मैदानावर एकच माणूस बसला होता व त्याला मी उठवले. त्याला सोडावे. त्याच्या ओठाला व कानाला लागले आहे, त्याची तपासणी करून कागद करावा. ज्यांनी मारले त्यांची नावे विचारल्यास देईन, त्यात साळ्याचेही देईन.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला गेला व मला मराठीत वाचून दाखवला. वाचताना साहेब थांबले व म्हणाले, “मारोतरावजी, दाबू द्या म्हणाला हे तुम्ही ऐकलं, एवढं एक वाक्य काढून टाकू का? गोंधळात नसतं ऐकू येत माणसाले.” काढू नये असे मी सांगितले. बाकी मजकूर बरोबर आहे, तेही बरोबर आहे.